कॉलरची दोन बटणे

मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला दोन गोष्टी न शोधता दिसू लागतात. एक, छपराचे कौल कुठे सरकले आहे ते. आणि दुसरी, प्रार्थनेच्या रांगेत कोणाच्या गणवेशात काय खोट आहे ती. पहिल्या नजरेचा शाळेला फायदा होतो. दुसऱ्या नजरेचा होतोच असे नाही, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळले. ते कसे कळले, त्याचीच ही हकिगत.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै महिना. बेळगावचा पाऊस ठाऊक असलेल्यांना सांगायला नको की, त्या दिवसांत पांढरा सदरा वाळणे हीच एक परीक्षा असते. त्या सकाळी प्रार्थना व्हरांड्यात झाली आणि नववीच्या रांगेतला एक मुलगा माझ्या नजरेत भरला. सदरा पांढराच होता, स्वच्छही होता. पण कॉलरच्या दोन्ही टोकांना दोन इवलीशी बटणे होती आणि ती टोके त्या बटणांनी सदऱ्यालाच जखडलेली होती. आमच्या शाळेचा गणवेश ठरावीक दुकानात, ठरावीक शिलाईचा मिळतो. त्यात ही बटणे नाहीत. मी साऱ्या रांगेसमोर विचारले, "ही कुठली फॅशन? शाळा आहे की सिनेमा? उद्यापासून गणवेशात यायचं, नाहीतर यायचं नाही." मुलगा काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला. पोरे हसली. मला वाटले, शिस्तीचे एक काम झाले.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

वाचकहो, गंमत अशी की त्या दोन बटणांशी माझी फार जुनी ओळख होती. मी स्वतः नववीत असताना अगदी तसल्याच कॉलरचा सदरा घालून गल्लीभर मिरवलो होतो. तो मला माझ्या अण्णाकाकांनी आणला होता.

अण्णाकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. बेळगावातल्या एका फाउंड्रीत हात काळे करून ते १९६७ साली इंग्लंडला गेले आणि कोव्हेंट्री या मोटारींच्या गावात यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात लागले. चार-पाच वर्षांनी एकदा येत. येताना चॉकलेटे, दाढीची पाती आणि सगळ्यांना कपडे. १९८४ च्या दिवाळीत मला मिळाला तो निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा सदरा. मित्रांनी विचारले, "काय रे, तुझ्या कॉलरला कुलूप का लावलंय?" मला उत्तर येत नव्हते. मी काकांना विचारले. काका म्हणाले, "ती अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांची कॉलर आहे. तिथनं ती लंडनला आली आणि तिथल्या पोरांना येड लागलं. त्या कॉलरीची गोष्ट मोठी आहे बघ, बाळू."

गोष्ट खरेच मोठी आहे. पुढे एम. ए.ला इतिहास घेतला, मास्तरकीत वाचनाची सवय टिकली, आणि काकांनी अर्धवट सांगितलेली ती गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी जमवत गेलो.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशी अमेरिकेतली आठ जुनी विद्यापीठे 'आयव्ही लीग' या नावाने ओळखली जातात. हे नाव मुळात त्यांच्या खेळांच्या संघटनेचे. ती रीतसर १९५४ साली ठरली. त्या विद्यापीठांतल्या श्रीमंतांच्या मुलांचा एक पोशाख होता. खांद्यात भर न घातलेला, सैलसर कोट; बटणांनी बांधलेल्या कॉलरचा सदरा; आखूडशी सुती पँट; आणि नाडी नसलेले जोडे. दिसायला साधे, पण साधेपणा नीट जपलेला.

आता यातली एकेक वस्तू उलगडून पाहा. ती कॉलर न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्स या १८१८ सालच्या दुकानाने रूढ केली. दुकानाची स्वतःची कथा अशी की, मालकांच्या घरातले जॉन ब्रुक्स १८९६ च्या सुमारास इंग्लंडला गेले असता त्यांनी पोलो खेळणारे पाहिले. घोडा दौडताना कॉलर तोंडावर उडू नये म्हणून त्या खेळाडूंनी तिची टोके बटणांनी बांधली होती. ब्रुक्सने ती युक्ती उचलली. आणि पोलो हा खेळ इंग्रजांनी कोठून उचलला? मणिपूरहून. तिथला 'सगोल कांगजै' पाहून चहाच्या मळेवाल्यांनी १८५९ साली सिल्चरला पहिला पोलो क्लब काढला, आणि दहा वर्षांनी तो खेळ इंग्लंडात पोचला.

ती सुती पँट घ्या. तिचा रंग खाकी. खाक म्हणजे धूळ. १८४० च्या दशकाच्या अखेरीस पेशावरकडे हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने आपल्या गाइड पलटणीला धुळीच्या रंगाचे कपडे चढवले, तिथून खाकी जगभरच्या फौजांत शिरली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सरकारने १९४४ च्या कायद्याने परत आलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. लाखो सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले आणि फौजेतल्या त्याच खाकी पँटी घालून वर्गात बसले. श्रीमंतांचा पोशाख असा थोडा खाली उतरला. माझ्या लहानपणी आमच्या शाळेची अर्धी विजार खाकीच होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात खाकीचे नवल ते काय! पण माझी विजार आणि प्रिन्स्टनच्या पोरांची पँट चुलत बहिणी आहेत, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

आणि तो चौकडा. उन्हाळ्यात ही महाविद्यालयीन मुले ज्या रंगीत चौकड्यांचे सदरे नि कोट घालीत, त्या कापडाचे नावच 'मद्रास'. येल विद्यापीठाला ज्याचे नाव आहे तो एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा प्रमुख होता, १६८७ ते १६९२. कंपनीच्या नोकरीत गब्बर झालेल्या या माणसाने १७१८ साली कनेक्टिकटमधल्या एका छोट्या शाळेला पुस्तके, राजाचे चित्र आणि मालाची नऊ गाठोडी पाठवली. त्या गाठोड्यांत कापडाचे तागे होते. माल विकून शाळेची इमारत उभी राहिली आणि शाळेने त्याचे नाव घेतले. मुख्याध्यापक म्हणून मी देणगीदारांच्या दारी पुष्कळ फिरलो आहे; एवढ्या स्वस्तात एवढे मोठे नाव कोणाला मिळाल्याचे मी पाहिले नाही.

पण काका म्हणाले ते 'येड' लंडनला कसे लागले? त्याला कारण झाले संगीत.

युद्धानंतरचा इंग्लंड म्हणजे शिधापत्रिकेचा देश. कपड्यांवरचे रेशनिंग तिथे १९४९ पर्यंत होते. त्यातून वादकांच्या संघटनांच्या भांडणामुळे १९३५ पासून जवळजवळ वीस वर्षे अमेरिकन जाझ वादकांना इंग्लंडात येऊन वाजवणे अशक्यप्राय झाले होते. ऐकायचे कसे? रॉनी स्कॉटसारखे तरुण वादक अटलांटिकपार जाणाऱ्या बोटींवर वाद्यवृंदात नोकरी धरीत आणि बोट न्यूयॉर्कला लागली की क्लबांकडे धावत. त्याच रॉनी स्कॉटने पुढे १९५९ साली सोहोमध्ये आपला क्लब काढला. लिव्हरपूलचे खलाशी तबकड्या आणि सदरे दोन्ही बरोबर आणीत. ज्यांना बोट मिळत नव्हती त्यांच्या हाती फक्त तबकडीचे वेष्टन. कलावंत प्रत्यक्ष दिसत नसला की त्याचे चित्र माणूस निरखून पाहतो. १९५८ च्या 'माइलस्टोन्स' या तबकडीवर माइल्स डेव्हिस हिरव्या सदऱ्यात बसला आहे आणि कॉलर बटणांनी बांधलेली आहे. लंडनच्या पोरांनी कान संगीताला दिले आणि डोळे त्या कॉलरीला.

स्वतःला ती पोरे 'मॉडर्निस्ट' म्हणवीत, कारण आधुनिक जाझ ऐकत. त्याचेच पुढे 'मॉड' झाले. कारकुनी करणारी, दुकानात काम करणारी, शिंप्यांची, कामगारांची मुले. आठवड्याचा पगार सदऱ्यावर घालवणारी. वॉर्डर स्ट्रीटवरच्या फ्लेमिंगो क्लबात ती रात्रभर नाचत आणि तिथे त्यांना अमेरिकेचे काळे सैनिक व जमैकाहून आलेली तरुण मुले भेटत. १९६३ मध्ये ब्रायटनच्या बेन शर्मनने असले सदरे इंग्लंडातच शिवायला घेतले. १९६४ मध्ये जॉन सायमन्सने आपल्या भागीदाराबरोबर रिचमंडला चक्क 'आयव्ही शॉप' नावाचे दुकान थाटले. या सायमन्सची एक गंमत ऐका. मँचेस्टरकडे तयार होणारे एक आखूड जाकीट अमेरिकेत लोकप्रिय झाले होते. 'पेटन प्लेस' या अमेरिकन मालिकेत रॉडनी हॅरिंग्टन नावाचे पात्र तसले जाकीट घाली. सायमन्सने काचेआड ते मांडून त्यावर त्या पात्राच्या नावाची चिठ्ठी लावली, आणि अस्सल इंग्रजी जाकीट इंग्लंडातच 'हॅरिंग्टन' या अमेरिकन नावाने विकले जाऊ लागले. घरचे लेकरू परदेशातून नाव बदलून आल्यावर त्याचे कौतुक करायची खोड केवळ आपल्यालाच आहे असे नाही.

मला मात्र या सगळ्यात एक गोष्ट टोचत राहिली. माइल्स डेव्हिस काळा. ज्या विद्यापीठांचा तो पोशाख, तिथे त्या काळी काळे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके. त्याने तो पोशाख घातला आणि त्या गोऱ्या मुलांपेक्षा तो त्यात अधिक शोभला. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' म्हणतात. पण ऑगस्ट १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर, जिथे त्याचेच नाव पाटीवर लागले होते तिथेच, पोलिसांनी त्याचे डोके फोडले. तो फुटपाथवरून हलायला तयार नव्हता, एवढाच गुन्हा. अंगावर त्या दिवशीही उत्तमच कपडे होते. दहा नूर त्या वेळी काही कामाला आले नाहीत.

आता काकांच्या वाट्याची गोष्ट सांगतो. ती त्यांनी १९८४ साली सांगितली नाही. निवृत्तीनंतर आले तेव्हा, आमच्या परसात फणसाखाली बसून सांगितली.

साठच्या दशकाच्या अखेरीस मॉड मुलांतून आणखी एक पंथ निघाला. डोक्याचे केस भादरलेले, बेन शर्मनचा चौकड्यांचा सदरा, बटणांची कॉलर, पँट आखूड, पायात जड बूट. हे 'स्किनहेड'. नवल असे की नाचायला त्यांना जमैकाचे संगीत लागे. काळ्या मुलांकडूनच त्यांनी अर्धी चाल उचलली होती. आणि त्यांच्यातलेच काही जण आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांना रस्त्यात गाठून मारत. १९७० साली एका रात्री पाळी संपवून येताना काकांना तिघांनी बसथांब्यावर गाठले. बरगडी मोडली. काकांनी घरी पत्रात लिहिले, जिन्यावरून पडलो.

"तोंडं आठवत नाहीत बघ," काका म्हणाले. "कॉलर आठवतीय. ती दोन बटणं. खाली पडल्यावर तेवढंच दिसत होतं. आणि चौकड्याचं कापड. मागनं मनात आलं, हे कापड आपल्याकडचंच नसेल कशावरनं?"

असेल, नसेलही. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी तसे ठामपणे लिहू शकत नाही. बहुतेक तिथल्याच गिरणीचे असेल. पण मी विचारले, "मग काका, तसलाच सदरा तुम्ही मला का आणलात?"

काका बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी १९८१ चे सांगितले. त्या एप्रिलमध्ये कोव्हेंट्रीच्या भर बाजारात सतनाम गिल या कॉलेजच्या मुलाचा वर्णद्वेषातून खून झाला. आमची माणसे अंधार पडायच्या आत घरी परतू लागली. त्याच गावात 'द स्पेशल्स' नावाचे सात जणांचे गायक-वादक मंडळ होते. त्यांतले दोघे मूळ जमैकाचे, बाकीचे गोरे. जेरी डॅमर्स हा त्यांचा सूत्रधार. १९७९ मध्ये त्याने 'टू टोन' ही तबकड्यांची संस्था काढली. तिची खूण म्हणजे काळा सूट, पांढरा सदरा, अरुंद टाय घातलेला एक माणूस. ते चित्र जमैकाच्या पीटर टॉशच्या जुन्या छायाचित्रावरून काढलेले, आणि त्या माणसाचे नाव डॅमर्सजवळच्या एका जुन्या अमेरिकन सदऱ्यावर शिवलेल्या नावावरून ठेवलेले. त्या जूनमध्ये या मंडळाने गावातल्या मैदानावर वर्णद्वेषाविरुद्ध मोठी मैफल केली.

"शेजारच्या सरदारजीचा मुलगा हट्टानं घेऊन गेला. मला ते संगीत कळत नव्हतं, आजही कळत नाही," काका म्हणाले. "पण बाळू, माझ्या पुढं दोन पोरं नाचत होती. एक गोरा, एक काळा. दोघांच्या कॉलरला तीच बटणं. अकरा वर्षं मी त्या बटणांना भीत होतो. त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हटलं, ह्यात बटणांची काय चूक आहे? पुढच्या खेपेला तुझ्यासाठी तो सदरा घेतला."

काका २०११ साली गेले. त्यांचे हे बोलणे मला तोंडपाठ होते. आणि तरीही त्या पावसाळी सकाळी, साऱ्या शाळेसमोर, मी त्या मुलाच्या तोंडाकडे पाहिलेच नाही. कॉलरीकडे पाहिले.

सहाव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. वडगावची विणकरांची गल्ली. आमच्या शहापूर-वडगावचा माग एके काळी अख्ख्या गल्लीला जागे ठेवी. आता दोन-चार घरांतूनच खटखट ऐकू येते. आई दारात आली आणि मला पाहून घाबरली. "चुकलं की हो सर. पुण्याचा भाचा कापडाच्या दुकानात आहे, त्यानं दिलेला. गणवेशाचे पैसे पुढच्या महिन्यात करणार होते. मला काय माहीत, बटणं चालत नाहीत म्हणून." मग ती आत गेली आणि सदरा घेऊन आली. तिने दोन्ही बटणे कापून काढली होती. कॉलरच्या टोकांची काजी राहिली होती, तीही तिने पांढऱ्या दोऱ्याने शिवून बंद केली होती. इतकी बारीक शिलाई की प्रथम दिसलीच नाही. "आता चालतंय का बघा," ती म्हणाली. "तरी तो म्हणतोय, भोकं दिसतात, पोरं हसतील."

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला इतके ओशाळे कधी वाटले नव्हते. मी म्हणालो, "बटणं परत लावा. चूक माझी झाली." मुलगा आतल्या दारात उभा होता. त्यालाही तेच म्हटले. त्याच्या वडिलांच्या देखत म्हटले. तो खाली बघत राहिला. लगेच विरघळायला ती काही सिनेमातली गोष्ट नव्हती.

वडील मागावरून उठून आले. वातावरण हलके करावे म्हणून मी त्यांना या कॉलरीची आणि चौकड्याची गोष्ट सांगितली. सांगता सांगता १९५८ चा किस्सा सांगितला. केरळच्या कृष्णन नायर यांनी, ज्यांनी पुढे लीला हॉटेले काढली त्यांनीच, मद्रासचे चौकड्याचे कापड अमेरिकेला दिले आणि ते ब्रुक्स ब्रदर्सच्या दुकानात गेले. कापड थंड पाण्यात, हलक्या हाताने धुवावे ही सूचना गिऱ्हाइकांपर्यंत पोचलीच नाही. रंग उतरले, तक्रारींचा पाऊस पडला. पण भांडण कोर्टात जाण्याऐवजी त्याची जाहिरातच झाली: 'रंग उतरणार, याची हमी'. प्रत्येक धुण्यात नवा रंग! आणि लोकांनी ते कापड रांगा लावून घेतले.

विणकर माझ्याकडे बघतच राहिले. "रंग उतरला आणि त्यांनी कापड ठेवून घेतलं? सर, आमचा व्यापारी एक धागा फिका दिसला तर अख्खं गाठोडं परत पाठवतोय." आणि ते मोठ्याने हसले. त्या हसण्यात मुलगाही किंचित हसला. तेवढ्यावर मी निरोप घेतला.

सोमवारी सकाळी प्रार्थनेनंतर, जिथे त्याला बोललो होतो तिथेच उभे राहून, मी शाळेसमोर सांगितले की सदऱ्याच्या बाबतीत माझी चूक झाली होती. सदरा पांढरा आणि स्वच्छ असला की पुरे, कॉलर कोणी पाहणार नाही. दोघा सहकाऱ्यांना ते आवडले नाही. शिस्त ढिली होईल, असे ते म्हणाले. ढिली झाली नाही. गणवेश असावा, या मताचा मी आजही आहे. गरीब-श्रीमंत एका रांगेत उभे करण्याचे दुसरे स्वस्त साधन मला माहीत नाही. पण ज्या गणवेशाने गरिबाचेच पोर रांगेबाहेर पडते, त्यात खोट शिवणाऱ्याची नसते, बघणाऱ्याची असते.

आपण सीमाभागातली माणसे. आपले काय आणि परके काय, यावर आपल्याकडे आयुष्ये गेली आहेत आणि त्या दुःखाची मला पुरती जाणीव आहे. पण आपण 'अण्णा' म्हणतो, 'अक्का' म्हणतो, 'तूप' म्हणतो, तेव्हा शेजारच्या कन्नडचेच शब्द उच्चारत असतो आणि ते आपल्या तोंडी परके वाटत नाहीत. त्या कॉलरीचेही तसेच. मणिपूर, इंग्लंड, न्यूयॉर्क, सोहो, जमैका, कोव्हेंट्री असा फेरा घेऊन ती वडगावच्या गल्लीत आली. वाटेत तिने बरगड्या मोडणाऱ्यांच्या आणि एकत्र नाचणाऱ्यांच्या, दोघांच्याही गळ्याला मिठी मारली. माणूस कसा आहे ते ती सांगत नाही. ते तोंडाकडे बघूनच कळते.

तो मुलगा यंदा मार्चमध्ये दहावी झाला. शेवटच्या दिवशीही तोच सदरा, मनगटांत आखूड झालेला. कॉलरचे डावे बटण मूळचे, लहान, पांढरे. उजवे हरवले असावे; आईने तिथे कुठल्याशा जुन्या सदऱ्याचे जरा मोठे, पिवळट बटण लावले होते आणि त्याच्यासाठी काजे थोडे उसवून मोठे केले होते. नमस्कार करायला वाकला तेव्हा ते मला जवळून दिसले. या वेळी मात्र मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिले.